स्टार्टरवरचा टॉवेल

मी डाळमिल का सोडली, ते विचारताय ना? चहा घ्या. एकदाच सांगतो.

आमच्या मिलचा स्टार्टर माझ्या जवानीतला. मशीनमध्ये हात घालायचा असला की आपला टॉवेल स्टार्टरच्या बटणावर टाकायचा, हा आमचा कायदा. ज्यानं टाकला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा.

मग मालकाच्या पोरानं त्या स्टार्टरला काडेपेटीएवढी डबी बसवली. सेलवर चालणारी, वायर नाही; मोबाइलवरून सांगितलं की तिच्यातलं प्लास्टिकचं बोट स्टार्टरचं बटण दाबायचं. आता त्याला उमरग्यात घरी बसून मोबाइलवरून मशीन चालू-बंद करता येणार होतं.

माझा जोडीदार सिद्राम हसला. "भैय्या, मग आमी घरी जावं का?"

"नाही काका, तुम्ही साफसफाई बघा."

त्याच आठवड्यात पट्ट्यात सुतळी अडकून मशीन थांबलं. सिद्रामनं टॉवेल टाकला आणि आत हात घातला. तिकडं भैय्याला मोबाइलवर मशीन बंद दिसलं. त्यानं चालू केलं.

सिद्रामचा उजवा हात कोपरापासून गेला.

भैय्या दवाखान्यात रडत आला. "काका, मला काय माहीत तुम्ही हात घातलाय? मेन स्विच तरी पाडायचा!"

सिद्राम एवढंच म्हणाला, "टॉवेल टाकला व्हता की."

तो परत मिलमध्ये आला नाही. त्याचा टॉवेल आम्ही कुणी काढला नाही, अजून तिथंच आहे. मिल रोज चालते. मोबाइलवरून चालू करायला टॉवेल काढावा लागत नाही.