गाडी हलकी करायची होती

…नाही हो, खुर्ची नको, बसता येत नाही म्हणून तर उभ्याने सांगतोय! कंबर! ही इथे, डाव्या बाजूला, हात लावला तरी ब्रह्मांड आठवतं… डॉक्टर मला विचारतात, 'परुळेकर, गोदीत हमालीला जाता का?' हमाली! अहो, हमालाला निदान माहीत असतं की ओझं कुठवर न्यायचंय! मी घाटकोपरच्या एका कंपनीत स्टोअर्सचा माणूस, नट-बोल्टच्या डब्यापेक्षा जड काही उचललं नाही कधी, आणि बेचाळिसाव्या वर्षी मला सुचलं काय? रेस! मोटारीची! हसा… हसून घ्या आत्ताच, पुढे तुम्हालाच माझी दया येणार आहे.

आता का सुचलं म्हणाल, तर तुम्हाला सांगतो, शाळेत मी कबड्डीच्या टीममध्ये राखीव. कॉलेजात क्रिकेटला स्कोअर लिहायला. ऑफिसच्या नाटकात सहा वर्षं काम केलं, सहाही वर्षं पडदा ओढला! म्हटलं, विद्याधर, एकदा… आयुष्यात एकदा तरी सगळे कडेला उभे आणि मध्ये आपण, असं झालं पाहिजे की नको? बास, एवढंच हवं होतं. एक रेस. जिंकायचीसुद्धा नाही, नुसती चालवायची.

गाडी मिळाली मढला. मी आणि अनुपमा, म्हणजे आमची ही, टेलिफोन एक्स्चेंजला आहे, आम्ही वर्सोव्याहून होडीने पलीकडे फिरायला गेलो होतो. तिथे एका वाडीत माडाखाली उभी! विलायती स्पोर्ट्स कार, सत्तावीस वर्षांची, लाल… म्हणजे लाल होती असं मालक म्हणाला. छप्पर नाही, सीटा दोन, त्यातल्या एका सीटवर कोंबडी. अंडी उबवत बसलेली! मालक म्हणतो, "गाडी खुशाल न्या, पन पिल्लं निंगल्याबिगर नाय." अकरा दिवस थांबलो, काय करता? अनुपमा म्हणाली, "कोंबडीला कळलं हो, ही गाडी कुठे जाणार नाही म्हणून बसली निवांत. तुम्हाला कधी कळणार?"

बरं, गाडी आणली, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये लावली आणि भटवाडीतल्या धाकूला बोलावलं. धाकू म्हणजे आमच्या मालवणचा, मेकॅनिक, अंगाने काडी, तोंडात कायम सुपारी. त्याने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, मला वाटलं आता नमस्कारच करतो… नमस्कार कसला, एक लाथ घातली टायरला! म्हणाला, "सायबानूं, इंजन बरां आसा. पन रेस मारूची तर गाडी हलकी होऊक होयी." आणि आतला गालिचा धरून म्हणाला, "ह्यां कित्याक होयां? काढा!"

हे जे वाक्य आहे ना, 'ह्यां कित्याक होयां? काढा!', म्हणजे हे हवंय कशाला… या वाक्याने माझी दोन वर्षं खाल्ली. गालिचा? काढा. बंपर? "रेसमदी कोनाच्या अंगार जातंलास? काढा!" हॉर्न? "वाजवून कोनाक हाक मारतंलास? काढा!" हीटर निघाला एक, घाटकोपरात हीटर! तो मात्र मीच काढला, लाज वाटली म्हणून. मग काच गेली, दारं गेली, त्या जागी पातळ पत्रा आला. पत्र्याला भोकं पाडली, पेडलांना भोकं पाडली, आणि एके दिवशी धाकू ड्रिल घेऊन माझ्या टिफिनच्या डब्याकडे असा बघायला लागला की मी डबा घेऊन पळालो.

आणि काढलेलं सगळं जाणार कुठे? घरात! अहो, गाडी हलकी होत होती आणि आमचं दोन खोल्यांचं घर जड होत होतं. बंपरवर टॉवेल वाळायचे. स्टेपनीवर पाट टाकून सासूबाई भाजी निवडायच्या. पण अनुपमा बोलली नाही हं काही. बोलली कधी? सीटच्या वेळी. धाकूने डावीकडच्या सीटवर हात ठेवला, "ह्यां कित्याक…" आणि अनुपमा नेमकी चहा घेऊन आली. म्हणाली, "ही काढलीत तर मी कुठे बसायचं?" आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? काहीही म्हणावं! मी म्हटलं, "तू… तू कडेला उभी राहा ना, बघायला."

वाट लागली. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी बोलली ती त्या एक्स्चेंजच्या आवाजात, "प्रतीक्षा कीजिए" म्हणतात ना, तसल्या. सीट मात्र निघाली. राहिली एकच. ड्रायव्हरची. माझी!

पण खरी चूक ती नव्हे. खरी चूक सेल्फची. सेल्फ म्हणजे ती मोटर, चावी फिरवली की इंजिन सुरू करणारी. आठ किलो. धाकू म्हणतो, "गाडी काय बाजारात घेवन जातंलास, धा ठिकानी चालू-बंद करूक? एकदा धक्को मारलो की झालां. ह्यां कित्याक होयां? काढा!" आणि मी… मी विद्याधर परुळेकर, बी.कॉम., मी म्हटलं, "काढ!"

तिथून माझ्या कंबरेची पत्रिका बदलली. दर रविवारी सकाळी गाडी कंपाउंडमधून बाहेर काढायची ती ढकलून. पहिल्या रविवारी बिल्डिंगचे आठ जण आले हौसेने. दुसऱ्या रविवारी तिघं. तिसऱ्या रविवारपासून माझी पावलं जिन्यात वाजली की सगळे पुरुष एकदम बाथरूममध्ये! मग ढकलणार मी, आणि आत बसून क्लच सोडायला कुणीतरी हवं की नको? वजनाने हलकं? अनुपमा. चव्वेचाळीस किलो! मी मागून रेटायचो, फासफूस करत, "सोड!" असं ओरडायचो, ती क्लच सोडायची, गाडी फुर्र… वीस पावलं जाऊन ती ब्रेक लावायची, पायाने इंजिन जागं ठेवायची, मी धापा टाकत जायचो, ती उतरायची, मी बसायचो. दोन वर्षं! शंभर रविवार! पुढे पुढे तर मी पोचेपर्यंत ती सोसायटीला एक चक्कर मारून यायची. मला म्हणायची, "अहो, डावीकडे वळताना जरा ओढते हो गाडी." मी म्हणायचो, "तू नको डोकं लावूस, तू क्लच सोड."

एवढ्यात आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश शहा वर आले. "परुळेकरभाय, ये भंगार दिवाली के पहले निकालो, नहीं तो मैं कॉर्पोरेशन को बोलेगा." कमिटीपुढे लिहून दिलं मी, एक रेस झाली की गाडी विकतो. म्हणजे आता एकच संधी! एका मोटार क्लबने पनवेलच्या पलीकडे शर्यत ठेवली होती, पाच फेऱ्या. फॉर्म भरला. झकास!

आणि मग आम्ही हात दाखवून अवलक्षण केलं. धाकू म्हणाला, वजन करून बघूया. मुलुंडच्या चेकनाक्याजवळ ट्रक जोखायचा काटा आहे, तिथे गाडी चढवली. दोन वर्षांपूर्वीही तिथेच जोखली होती, जुनी चिठ्ठी धाकूच्या खिशात. गाडी एकशे चाळीस किलोंनी उतरली होती! मी नाचायचा बाकी. तेवढ्यात काट्यावरचा माणूस म्हणतो, "अब ड्रायवर के साथ." बसलो. धाकूने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या, आणि सुपारी थुंकली. दोन वर्षांपूर्वी मी अठ्ठ्याहत्तर. आता ब्याण्णव!

काय करणार हो? धाकूच्या गॅरेजच्या समोर वड्याची गाडी! धाकू उपाशी काम करत नाही आणि त्याला एकट्याने खाताना बघवत नाही! धाकूचा आवाज रडवेला झाला. "सायबानूं, मी भोकां पाडून पाडून पाव-पाव किलो काढलंय… आनि तुमी चवदा किलो घातलात?" पुढचे तीन आठवडे दुधीचा रस. दीड किलो कमी झालं, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी ऑफिसातल्यांनी शुभेच्छा म्हणून श्रीखंड-पुरी दिली. पुन्हा ब्याण्णव!

शर्यतीचा दिवस. टेंपोतून गाडी नेली. अकरा गाड्या रांगेत, कडेला ही गर्दी, आणि मध्ये मी! खरं सांगतो, छाती भरून आली. आणि झेंडा पडायला दोन मिनिटं असताना इंजिन… फुस्स. बंद! चावी फिरवतोय, पण सेल्फ कुठाय? सेल्फ घरी, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीखाली! क्लबचा माणूस ओरडतोय, "गाडी चालू करो नहीं तो बाहर निकालो!" धाकू म्हणाला धक्का मारू. मारू, पण धाकू काडी, त्याच्याने काय हलणार? रेटायला मीच हवा. म्हणजे मी उतरलो. आत कोण? कडेला अनुपमा उभी होती, मी सांगितलं होतं तशी, बघायला. पंजाबी ड्रेसमध्ये. तो माणूस ओरडला, "हेल्मेट के बिना कोई नहीं बैठेगा!" तर हेल्मेट मी, याच हातांनी, तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा बांधला… आणि रेटलं. "सोड!"

फुर्र! काय आवाज, अहाहा! आणि त्याच क्षणी झेंडा पडला.

मी आपला उभा, कंबर धरून. म्हटलं, वीस पावलं गेली की थांबेल. वीस झाली… चाळीस झाली… वळणावर गेली. "अनुपमाऽऽ!" धाकू म्हणतो, "सायबानूं, रस्त्यात उभे रवा नको, मागसून गाड्यो येतहत!"

पहिल्या फेरीला समोरून गेली तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या फेरीला सहावी होती. तिसरीला पाचवी, आणि ते डावं वळण, जिथे गाडी ओढते म्हणायची ना, तिथे बाकीचे बिचकत होते आणि ही सरळ आतून! चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की कठड्यावर चढून, घसा फोडून, हातातला रुमाल गरगर फिरवणारा माणूस मीच आहे. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं ती गाडी मी एक तर मागून पाहिली होती, नाहीतर आतून. ती धावताना कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं! डोळे भरून आले हो. आणि पाठोपाठ पोटात जे जळायला लागलं… ते श्रीखंड नव्हतं.

तिसरी आली. तिसरी! कप मिळाला. माइकवर "परुळेकर" म्हणाले आणि मी सवयीने स्टेजच्या दोन पायऱ्या चढलो, मग उतरलो.

मी तिला विचारलं, "थांबली का नाहीस?" शांतपणे म्हणते, "मागून दहा गाड्या, मध्येच थांबले असते तर आदळल्या असत्या." बरं, पटलं. "मग पुढच्या फेरीला?" "अहो, आज थांबवली की बंद पडत होती ती. बंद पडली असती तर ढकलायला तुम्ही कुठे होतात?" आणि मग हळूच, हेल्मेटचा पट्टा सोडवता सोडवता, "आणि तुम्हीच ठेवली होतीत ना, गाडीत एकच सीट. होती, तर बसले."

चंद्रप्रकाशने नोटीस-बोर्डावर तिचा फोटो लावलाय. "भाभी, गाडी इधरीच रहेगी, सोसायटी का नाम हुआ!" मी धाकूला एकट्याला गाठलं. म्हटलं, धाकू, पुढच्या रेसला मी बसतो. त्याने खिशातून ती काट्यावरची चिठ्ठी काढली, उलगडली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नेमक्या चहा घेऊन आलेल्या बायकोच्या देखत म्हणाला, "सायबानूं… ब्यान्नव किलो कित्याक होयां?"

तर आता असं आहे. पुढची रेस जानेवारीत, मॅडमची प्रॅक्टिस दर रविवारी, सकाळी साडेसहाला. तुम्हीही या ना एकदा बघायला, घाटकोपर स्टेशनवरून दहा मिनिटं. चहा आमच्याकडे, वडे आमच्याकडे. फक्त येताना फुलं, पेढे असलं काही आणू नका हं… रिकाम्या हातांनी या. ढकलायला दोन्ही लागतात.