गोड सालीचं झाड

त्या दिवशी सकाळपासून ऊन नव्हतं. पाऊसही नव्हता. भादव्यातलं धुकं डोंगरावरून उतरलं ते थेट गोठ्यापर्यंत आलं आणि दिवसभर तिथंच बसून राहिलं. अंगणातली कोंबडी दिसायची नाही, नुसती ओरडायची.

ऐका. शेकोटीजवळ सरका. मला घाई नाही.

आमच्या शेजारी सोमा गभाले. त्याची बायको ठकूबाई. तीन दिवस तिला आव पडत होती, रक्ताची. दुपारी सोमा आला. म्हणाला, "खेवजीदादा, डोली बांधू का? दवाखान्यात नेतो हिला."

मी म्हणालो, "दवाखाना कशाला रे? कुड्याची साल दोन वेळा उगाळून पाज. परवा तीच तुला भाकरी थापून घालंल." वर हसलो. हो, हसलो. सोमानं डोली बांधली नाही. खेवजीला ठाऊक नाही असं झाड रानात नाही, असं सगळी वाडी म्हणायची. मीही म्हणायचो.

गावाजवळचे कुडे लोकांनी सोलून सोलून वाळवले होते. म्हणून साल आणायला मी आडराईच्या वाटेनं, वरच्या दाट रानात चढलो. चढलो, चढलो. कुडा नाही. दिवस बुडायला आला आणि धुक्यात एक झाड दिसलं. पान कुड्यासारखं. कोयता मारला, पांढरा चीक आला, तोही कुड्यासारखा. साल जिभेला लावली.

बाबांनो, कुडा कडू जहर असतो. ही साल गोड लागली. गुळासारखी गोड!

ते झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली मुंगी नाही, वर पाखरू नाही. तिथंच मागं फिरायचं होतं. पण रिकाम्या हातानं वाडीत जाऊ कसा?

औषधाच्या झाडाची रीत असते. आदल्या सांजेला बुंध्याशी तांदूळ ठेवायचे, नाव घेऊन आवतण द्यायचं. मग सकाळी साल काढायची. मी तांदूळ ठेवले, हात जोडले. म्हणालो, "कुडेबाबा, सोमाच्या घरी चल." आणि सकाळची वाट न बघता साल काढली, फडक्यात बांधली, अंधारात निघालो.

थोडं चाललो. मागून पाचोळा वाजला. थांबलो, तोही थांबला. चाललो, तोही चालला.

"कुणाला आवतण दिलंस?"

आवाज अगदी कानाशी! मागं बघायचं नसतं, एवढं मला ठाऊक. पाय उचलले. तर गाठोडं जड व्हायला लागलं. आधी पायलीभर धान्याएवढं. मग पोत्याएवढं. मग कुणी पाठंगुळीला बसावं तसं.

"माझं नाव काय, खेवजी?"

"कुडा," मी म्हणालो. तरी म्हणालो! लाज अशी असते बघा.

समोर झाड. बुंध्यावर माझ्याच कोयत्याची खूण, चीक गळतोय. वळसा घालून गेलो. पुन्हा तेच झाड, तीच खूण. डावीकडं तेच, उजवीकडं तेच. आणि त्याच्याखाली, ऐका, ठकूबाई उभी! चांगली धडधाकट. हातात वाटी. ओठांवरून पांढरा चीक ओघळतोय.

"गोड आहे की दादा. आणखी दे."

तिनं हात पुढं केला. मी मागं सरलो, ती पुढं आली. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "नाही! तू कुडा नाहीस. तू कोण, मला ठाऊक नाही. मी खोटं नाव घेतलं. सोमाच्या घरी येऊ नको गं माय!"

गाठोडं फेकलं. ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही. खडा टाकला, त्याचाही नाही. मी कड्याच्या अगदी काठावर उभा होतो, एक टाच हवेत.

तिथंच बसलो, कारवीचं झुडूप घट्ट धरून. उजाडेपर्यंत. आणि तेवढा वेळ सोमा दारात कंदील घेऊन माझी वाट बघत होता.

ठकूबाई वाचली. पण पोटात चार महिन्यांचं होतं ते गेलं. दवाखान्यातली बाई म्हणाली, आदल्या दिवशी आणलं असतं तर पोर राहिलं असतं.

आडराईच्या वाटेला जाऊ नका. चुकून गेलात आणि तसं झाड दिसलं, तर त्याला नाव देऊ नका. म्हणा, आम्हाला ठाऊक नाही, आणि मागं फिरा.

आता त्या सकाळचं सांगतो. मी वाडीत आलो तेव्हा सोमा अंगणात डोलीच्या बांबूला दोर आवळत होता. मी सगळं सांगितलं. गोड साल, खोटं नाव, सगळं. त्याच्या पायाशी बसलो, रडायला लागलो. वाटलं, शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं गाठ मारली, माझ्याकडं न बघता म्हणाला, "रडशील मागनं, दादा. आधी दांडा धर."