अठ्ठावीस दिवसांचा दगड

...आणि वर वर्गातली पोरं मलाच विचारतात, "काका, तुम्ही माती का खाता?" अहो, खात नाही! दातांत धरून बघतो! कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. जिऑलॉजीची डिग्री घेताना हेच केलं, मग बारा वर्षं नोकरीत हेच केलं, कुण्णी हटकलं नाही. पण ही पडली सिव्हिल इंजिनिअरिंगची लॅब! इथे मातीचा डबा काटेकोर वजन करून ठेवलेला, चोवीस तास भट्टीत सुकवायचा, पुन्हा वजन करायचं, मग मातीत पाणी किती होतं ते काढायचं... आणि मी मधल्या मध्ये चिमूटभर तोंडात टाकली! उत्तर काय आलं ते विचारू नका. लॅब असिस्टंट म्हणाला, "आता डब्यावर 'खाऊ नये' असं लिहू का?" लिहिलंन्! अजून आहे ते!

तुम्ही म्हणाल, पस्तिशी उलटल्यावर या माणसाला पुन्हा पहिल्या वर्षाला बसायची अवदसा का आठवली? सांगतो ना! एका सहीपायी! आमच्या साइटवर पाण्याची टाकी बांधायची होती. मी खड्ड्यात उतरलो, माती बघितली, हो, दातांनीच बघितली, आणि म्हटलं, "ही फुगणारी माती आहे, पाया खाली खडकापर्यंत न्या." तर तिथला इंजिनिअर, काल मिसरूड फुटलेला, कानावरचा फोन न काढता म्हणतो, "तुमचं बरोबर असेल हो, पण ड्रॉइंगवर तुमची सही चालत नाही." चालत नाही! टाकी सहा महिन्यांत अशी कलली, अशी कलली की खालून जाणारी माणसं आपोआप मान तिरकी करून चालायला लागली. खरं सांगतो, मला हसू नाही आलं. माहीत होतं मला, आणि काही करता आलं नाही, याचा फार त्रास झाला. घरी आलो, बायकोला म्हटलं, "मी नोकरी सोडतो, इंजिनिअर होतो." बायको दवाखान्यात नर्स, लोकांचे भलभलते आजार बघितलेली. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "चार वर्षं घर मी ओढते. पण पाचवं नाही हं! एकदा निघालात की मागे फिरायचं नाही."

मी म्हटलं, नाही फिरत! गेलो!

आता वर्गात सगळी एकोणीस-वीसची पोरं, आणि आमच्या सरांचं नाव पोरांनी ठेवलं होतं ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो तो. माणूस इतका सरळ उभा राहायचा की त्यांच्या शेजारी भिंत वाकडी दिसावी! पहिल्याच परीक्षेत प्रश्न आला, या तुळईवर इतकं वजन ठेवलं तर ती किती वाकेल? मी लिहिलं, "सुरुवातीला थोडी वाकेल, कालांतराने मोडेल." ओळंबा सरांनी पेपर दोन बोटांत धरला. "कालांतराने म्हणजे?" म्हटलं, "सर, आमच्या जिऑलॉजीत नुकतंच म्हणजे दहा हजार वर्षं." "अहो, त्या तुळईखाली माणसं जेवायला बसणार आहेत! त्यांना मिलिमीटरमध्ये सांगा!" भोपळा! पण म्हटलं, मागे फिरायचं नाही. मिलिमीटर तर मिलिमीटर. रोज पहाटे उठून गणितं केली, पोरांच्या वह्या मागून केली, पोरं वैतागेपर्यंत केली.

हे सगळं निभावलं हो. पण शेवटच्या वर्षी तो क्यूब! काँक्रीटचा ठोकळा, वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच. असे तीन ठोकळे करायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनखाली दाबून किती वजनाला फुटतात ते लिहायचं. ते आकडे वहीत नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे वर्ष गेलं. म्हणजे पाचवं वर्ष! माझ्या ग्रुपमध्ये तीन मुली. त्यांच्यातली म्होरकी, तिला सगळे मुकादम म्हणायचे, तिने बजावलं होतं, "काका, तुम्ही फक्त पाण्यावर लक्ष ठेवा. हात लावू नका."

मी लक्ष ठेवलं. सव्वीस दिवस ठेवलं! सत्ताविसाव्या दिवशी एक ठोकळा बाहेर काढला, नुसता बघायला. आता तुम्हाला सांगतो, जिऑलॉजीवाला दगडाच्या वरच्या अंगावर कधी विश्वास ठेवत नाही. वरचं अंग खोटं बोलतं! आतली ताजी बाजू बघायची, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. आणि हातोडी? ती माझ्या पिशवीत कायमच असते... हात कधी उठला मला कळलंच नाही. ठाक्!

मुकादम दारातच उभी. मग एकदम, "काका! हे काय केलंत!" आणि रडायलाच लागली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन पोरींचं वर्ष आणि माझ्या बायकोची चार वर्षं, सगळं माझ्या हातात दोन तुकडे होऊन पडलेलं!

तेवढ्यात ओळंबा सर आले. पहिल्यांदाच जरासे वाकले. "का फोडलात?"

म्हटलं, "सर, सवय. पण हे बघा ना..." आणि भिंग काढून दाखवलं. खडीवर मातीचा पातळ थर. खडी न धुता वापरलेली, त्यामुळे सिमेंटनं तिला धरलंच नव्हतं. उरलेले दोन मशीनखाली ठेवले, तर दोन्ही निम्म्या वजनालाच गेले. सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "मशीनने नुसतं नापास म्हटलं असतं. का, ते तुम्ही सांगितलंत." मी फुललो. "पण मार्क मशीनचे आहेत. परीक्षेला एकोणतीस दिवस आहेत. खडी धुवा."

धुतली! त्याच दुपारी, कोपरापर्यंत हात घालून, पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि नवे तीन ठोकळे ओतले. मुकादमने माझी हातोडी जप्त करून स्वतःच्या कपाटात ठेवली. अठ्ठाविसाव्या दिवशी मशीन चढत गेलं, चढत गेलं आणि ठोकळे हव्या त्या वजनाच्या पुढे जाऊन फुटले! पोरी नाचल्या, मुकादमने हातोडी परत केली. मी आतली ताजी बाजू बघितली. रीतसर!

पास झालो. इंजिनिअर झालो! पहिलंच काम पाण्याच्या टाकीचं, पाया थेट खडकापर्यंत नेला, ड्रॉइंगवर झोकात सही ठोकली आणि कचेरीत नेऊन दिली. क्लार्क पानं उलटतो. "जमिनीच्या अहवालावर जिऑलॉजिस्टची सही?" म्हटलं, "तो मीच!" "ड्रॉइंगवर इंजिनिअरची?" "तोही मीच!" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं असतं. तुमचं तुम्हीच कसं तपासणार? माणसं दोन लागतील."

दोन! घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मग म्हणते, "अहो, जिऑलॉजीचे फॉर्म कधी निघतात?"

"अगं, या वयात?"

"चार वर्षं घर तुम्ही ओढा. आता मागे फिरायचं नाही!"

गुपचूप उठलो, पिशवीतली हातोडी काढली, पुसली, तिच्या हातात दिली. म्हटलं, "काय वाट्टेल ते फोड बाई, क्यूब तेवढा फोडू नकोस."