डावीकडं घे, बेटा

बन्सी : पर ह्या लॅपटॉपात पानी कुठंय, अफ्रीन? नुसता काळा पडदा अन् एक हिरवी काडी फिरतीय गरागरा.

अफ्रीन : धुकं पडलंय, बन्सीकाका. खिडकीतून काहीच दिसत नाही असं समजा. हे रडार. मधोमध आपलं जहाज. काडी फिरली की आसपासचं जहाज ठिपका होऊन उमटतं.

बाबाजान : बन्सी, तू गप बस रं. उद्या मुंबईत माझ्या नातीची अशाच पडद्यावर परीक्षा हाय. ह्या वक्ताला बी नापास झाली, तर जहाजावरची जागा दुसऱ्याला जाईल.

बन्सी : मंग आपल्या दोघांस्नी कशाला बसवलं पाठीमागं? मी सारी उमर तुमच्या ट्रकवर क्लीनर हुतो, वस्ताद. तारवावर न्हाई.

अफ्रीन : बसा हो काका. नाना गाडी चालवायचे तेव्हा शेजारून ओरडायचा ना तुम्ही? तसंच ओरडा. नाना, तुम्हीपण.

बाबाजान : वरडायला काय पैसं पडत्यात? ... आगं, त्यो बघ! वरच्या अंगाला ठिपका!

अफ्रीन : आला. थांबा, पकडते त्याला. एकदा पकडला की रडार त्याची पाठ सोडत नाही. ही बघा, ठिपक्यातून रेघ निघाली. कुठं निघालाय, किती वेगानं, सगळं या रेघेत.

बाबाजान : रेघ तर आपल्याकडंच रोखलीय, बेटा!

अफ्रीन : हो ना. आणि हा आकडा, दोघं एकमेकांच्या किती जवळून जाणार त्याचा.

बन्सी : शून्याला टेकलाय की! वस्ताद, धडकतंय!

(लॅपटॉप टीं टीं टीं करू लागतो.)

बाबाजान : हॉर्न दे! डिपर मार!

अफ्रीन : धुक्यात डिपर कुणाला दिसणार, नाना?

बन्सी : डावीकडं घे! त्यो जरा उजव्या अंगाला हाय. डावीकडं मोकळं रान हाय समदं!

बाबाजान : डावीकडं घे, बेटा! समोरनं गाडी आली की डावीकडं. टेम्पो शिकीवताना काय सांगितलं हुतं?

अफ्रीन : आधी नुसतं वळून बघू. जहाज न वळवता पडद्यावर बघायची सोय आहे यात. हे घ्या, डावीकडे.

बन्सी : सुटलो की! आता खरंच घे!

अफ्रीन : सुटलो, पण तो सरळच येत राहिला तर. समुद्रावर समोरचा त्याच्या उजवीकडे वळतो, म्हणजे आपल्या डावीकडे. मीही तिकडेच गेले की अंगावर. मागच्या परीक्षेत अशीच तर धडकले.

बाबाजान : मंग?

अफ्रीन : उजवीकडे. आत्ताच, लांब आहे तोवर, आणि चांगलं मोठं वळण.

बाबाजान : त्याच्या तोंडापुढनं? खुळी का काय! डावीकडं घे!

अफ्रीन : अजून जोरात ओरडा.

बन्सी : डावीकडं! डावीकडं!

अफ्रीन : वळवलं. उजवीकडे.

बाबाजान : या अल्ला!

बन्सी : डोळं उघडा, वस्ताद! आकडा वाढतोय! अर्धा मैल... एक... त्यो बी वळला बगा!

अफ्रीन : त्याच्या उजवीकडे.

बन्सी : गेला! डाव्या अंगानं गेला सरळ! टीं टीं बी गप! आरं, काय पोरगी हाय का काय!

बाबाजान : पर आमी एवढं चुकीचं वरडत हुतो. गप का न्हाई केलं आमाला?

अफ्रीन : मागच्या वेळी ठिपका अंगावर आला, तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं, नाना. तरी तुमचाच आवाज आला कानात. ‘डावीकडं घे, बेटा.’ हात आपोआप फिरला. उद्याही येणार तो आवाज. म्हणून बसवलं तुम्हाला.

बन्सी : वस्ताद? खुर्ची कशाला पुढं वढताय?

बाबाजान : लाव ते जहाज पुन्यांदा. आता आणखी मोठ्यानं वरडतो.