विटेमागचा डब्बा

तिकडे नको हात घालू बेटा, मुंगळे आहेत तिकडे — हाओ, तुलेच म्हणून राहिलो, निळ्या ओढणीवाली! काय हरवलं तुहं? कानातलं? अवं, दोन्ही कानातले तर कानातच आहेत तुह्या! असे कानातलं शोधणारे महिन्यातून चार-पाच येते इथं, अन् साऱ्यांच्या हातात फोन असते. डब्बा शोधून राहिली न तू? जिओकॅशिंग, फोनवर नकाशा पाहून लपवलेले डब्बे शोधायचा खेळ? बस, पडला चेहरा! घाबरू नको, त्या डब्ब्याचा राखणदार मीच आहे. विश्वनाथकाका म्हणते मले इथं, पुऱ्या नंदनवनात कोणालेही विचार. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून सकाळी सहा ते साडेआठ हा बाक माहा.

पहिलाच दिसते तुहा? दिसूनच राहिलं — फोनकडे पाहत पाहत पिंपळाभोवती सात चकरा मारल्या तू, मी मोजल्या. लोकं म्हणतील पोरगी नवस फेडून राहिली. पेन आणला? नाही न! मग सापडल्यावर सही कशानं करशील, बोटानं? घे, हा माहा घे. अन् ऐक, सांगतो — फोन तुले जागेजवळ आणते, जागेवर नेत नाही. झाडाखाली तर तो आणखीच बावचळते, पाच-सात मीटर इकडचं तिकडे करते. आता त्याले टाक पर्समध्ये अन् डोळ्यानं पाहा. जिथं एखादी वस्तू जरा जास्तच नीट ठेवलेली दिसते न, तिथं पाहायचं. कोणी येऊन राहिलं तर वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं करायचं. अन् सुरुवातीले एका चांदणीवालेच शोध, सोपे असते. एकदम पाच चांदण्यावाल्याच्या मागं लागशील तर कपड्यानिशी तळ्यात उतरशील. सूचना वाचली का खालची? 'सिमेंट सगळीकडे नाही.' मीच लिहिली. मग? या पाराले चारी बाजूनं पाहा — मागून, मागून — नाही, आता नाही सांगत. माही नात म्हणते, आजोबा, तुम्ही सांगूनच टाकता, मग खेळ काय राहिला? — हं! तीच वीट. हळू काढ, बोट चेंगरेल.

सापडला! पाहा कशी हसली! पहिल्या डब्ब्याची मजाच वेगळी असते, मलेही झाली होती, चौसष्टाव्या वर्षी, सेमिनरी हिल्सवर एका खांबाच्या पोकळीत हात घालून — जाऊ दे. वही काढ. नाव लिही, आजची तारीख लिही. अन् आतलं काही आवडलं तर घे, पण घेतलं तर बदल्यात काही ठेवायचं, बरोबरीचं नाहीतर त्याहून चांगलं. हा नियम आहे. मग डब्बा होता तसाच परत. नाही नाही, पहिल्या पानावर नको, मागून उघड. काहून म्हणजे? मागं जागा आहे म्हणून. पहिलं पान राहू — वाचलंच न तू? हाओ, 'सगळ्यात आधी : तुळसाबाई.' माहंच अक्षर आहे. ज्याले डब्बा पहिल्यांदा सापडते त्याचा मान असते या खेळात, म्हणून लिहिलं. कोण? होती एक बाई. बगिचा झाडायची. होती म्हणजे आहे, जिवंत आहे, कामठीले असते आता, लेकीकडे. तिच्यापाशी कुठला फोन! अंगठाबहाद्दर बाई, तिले कशाले लागते फोन?

बस थोडी. घाई आहे का? नाही न? मग बस, लिहून होईपर्यंत ऐक. तीन वर्षाआधी असाच एक डब्बा याच विटेमागं होता. तो माहा नव्हता हं, कोणाचा होता मले आजही माहीत नाही. माही नात, नूपुर, तेव्हा नववीत — तिले डेंग्यू झाला. नऊ दिवस दवाखान्यात. रोज रिपोर्ट यायचा अन् रोज प्लेटलेट खाली. मी सकाळी इथं यायचो, एक चक्कर मारायची, या पिंपळाले हात जोडायचे अन् दवाखान्यात जायचं. असा हात जोडून उभा होतो अन् दिसली वीट — जराशी बाहेर आलेली. मी काढली. आत हा एवढा स्टीलचा डब्बा. उघडला, तर आत काय? एका हाताची प्लास्टिकची बाहुली. काळे मणी. बांगडीचा तुकडा. कुठल्यातरी देशाचं नाणं. अन् एक वही — तिच्यात नावं, एकाखाली एक, तारखा टाकून, अन् हर नावापुढं तीच चार इंग्रजी अक्षरं. आता मले कुठं माहीत की ते डब्ब्याबद्दल थँक्यू म्हणून लिहिते! मले वाटलं मंत्र आहे. अन् शेवटून दुसरं नाव, बेटा — 'नूपुर'. तारीख ती बिमार पडायच्या चार दिवस आधीची.

तूच सांग, काय वाटलं असेल मले? मी काही अडाणी नाही वं, एकतीस वर्षं सरकारी हापिसात फायली पाहिल्या, अर्जातली चूक दुरून दिसायची मले. पण नातीचं नाव होतं ते. धावत शोभाताईच्या घरी गेलो, समोरच राहते त्या, त्यांनी पाहिलं अन् म्हटलं, भाऊजी, ही करणी आहे, हात नका लावू. मी हात लावून बसलो होतो! घरून सांडशी आणली — दूध उतरवायची सांडशी — तिच्यात डब्बा पकडला अन् पाराजवळ उभा राहिलो. पंधरा-वीस लोकं जमले. अन् मग मीच म्हटलं, शोभाताईनं नाही, मी म्हटलं — या भोकात रोज सकाळी हात कोण घालते? मी रोज पाहून राहिलो. तुळसाबाई घालते.

घालायची न ती. झाडू-टोपल्याची जी खोली आहे न मागं, तिची किल्ली ती विटेमागं ठेवायची, घरी ठेवली तर पोरं हरवते म्हणून. संध्याकाळी ठेवायची, सकाळी काढायची. तिनं सांगतलं न मले, साऱ्यांसमोर सांगतलं, कमरेले चिंधीनं लटकवलेली किल्ली दाखवली. म्हणे, "सायेब, मी त किल्ली ठेवतो तिथं. डब्बा पोट्ट्यायचा आहे. येते, उघडते, नाव लिहिते अन् वापस ठेवते. मी बी वापस ठेवतो, कोणाचा खेळ आहे म्हनून." ऐकलं? पुरा खेळ सांगतला होता तिनं मले, दोन वाक्यात! तुले आता मी एवढं लेक्चर दिलं न, ते सारं तिच्या त्या दोन वाक्यात होतं. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, वा रे वा, पोट्टे बाहुलीचा हात तोडून वहीत नावं लिहिते काय? लोकं हसले. मग कोणीच हसलं नाही, तेही आठवते मले.

मारलं नाही हं कोणी, हात नाही लावला. फक्त काम बंद केलं — बगिच्याच्या कमिटीत माहंच चालायचं तेव्हा. डब्बा मी नाग नदीत फेकून आलो, सांडशीसकट. बाईनं झाडू पाराले टेकवून ठेवला, पदर खोचला अन् गेली. किल्लीही द्यायची राहिली, मग आम्ही कुलूप तोडलं, अन् मी लोकांले म्हटलं, पाहा, किल्लीही घेऊन गेली. एवढ्यावरही थांबलो नाही मी! ती चार घरी भांडे करायची, तिथंही मी सांगतलं, पंधरा दिवसात चारही घरं सुटले. तिनं घासलेल्या ताटात कोण जेवते मग? मागच्या वस्तीतली खोली सोडून लेकीकडे गेली.

नूपुर? बरी झाली न, ठणठणीत. डेंग्यू होता तो, मच्छरानं झाला होता. घरी आली अन् तिसऱ्या दिवशी म्हणते, आजोबा, पिंपळाखालचा डब्बा कुठं गेला, ॲपवर लोकं लिहून राहिले सापडत नाही म्हणून. मी म्हटलं, कसला डब्बा? मग तिनं सारं सांगतलं, माह्या शेजारी बसून, फोनवर नकाशा दाखवून — शाळेतल्या मैत्रिणीसंगं आली होती, तिचा पहिला डब्बा होता, सही केली होती, बाहुली तिनंच ठेवली होती. घरचीच बाहुली वं! माह्या हातानं आणलेली, जत्रेतून. मी ओळखली नाही. अन् मग तिनं विचारलं, कोणी फेकला असेल आजोबा? अन् मी — हे पाहा, मी आजपर्यंत हे कोणाजवळ बोललो नाही, तुह्याजवळ काहून बोलून राहिलो देव जाणे — मी म्हटलं, झाडणाऱ्या बाईनं कचरा समजून फेकला असेल.

हो, सख्ख्या नातीले खोटं सांगतलं. तोंडातून निघून गेलं, अन् निघालेलं मागं घेता आलं नाही. मग तिलेच म्हटलं, मले शिकव हा खेळ. शिकवला तिनं. नवा डब्बा मी आणला, वही मी आणली, त्याच विटेमागं ठेवला. जुन्याचं काय झालं तर ॲपवर लिहिलं, 'हरवला.' दर रविवारी उघडून पाहतो, वही ओली नाही न, झाकण घट्ट आहे न. आतापर्यंत एकशे अकरा डब्बे शोधले मी, कळमन्यापासून रामटेकपर्यंत. तुह्यासारख्या नव्या पोरांले पेन देतो. पण लाज जात नाही वं. रोज सकाळी या पाराले पाहिलं की तो टेकवलेला झाडू दिसते.

अं? तिले सांगतलं का? कसं सांगू? कामठी एवढी मोठी, पत्ता नाही, लेकीचं नाव माहीत नाही, जावई हातमागावर आहे की पॉवरलूमवर तेही नाही माहीत. विचारणार तरी कोणाले? अन् खरं सांगू — मी मनाशी म्हणतो, तिच्या हिशेबानं मी आपला एक भोळसट म्हातारा. करणीले भ्यायला, नात बिमार होती, चुकला. चुकलेल्या माणसाले माफी असते न? मले खरं कळलं अन् तरी मी तीन वर्षं चूप बसलो, हे काही तिले माहीत नाही. एवढंच एक बरं आहे.

बरं, झाली सही? वा, अक्षर चांगलं आहे. घे न काही आतलं, पहिल्या डब्ब्याची आठवण. ती शिट्टी घे, चांगली वाजते. ते पदक आहे, प्लास्टिकचं. ते काय? — किल्ली? कसली किल्ली? मी नाही ठेवली किल्ली. दे इकडे.

थांब. चष्मा.

ही सुताची लाल दोरी... लुगड्याच्या काठाची चिंधी... ही त्या खोलीची आहे. झाडूच्या खोलीची. नाही, चूक कशी होईल, या चिंधीनंच तर कमरेले लटकायची. रविवारी मी पाहिला न डब्बा, सारं बाहेर काढून पुसून ठेवलं, किल्ली नव्हती. आज गुरुवार. म्हणजे सोमवार, मंगळवार, कधीतरी — आली होती ती. वीट काढली. आत पुन्हा डब्बा, पुन्हा वही, त्याच जागी — अन् वाचता येत नसलं तरी एवढं तर कळलंच असेल न तिले, की ज्यानं फेकला त्यानंच परत आणून ठेवला? नाहीतर किल्ली आत काहून ठेवली असती? विटेमागं ठेवली असती, पहिल्यासारखी. डब्ब्यात ठेवली तिनं. झाकण लावलं. होता तसाच वापस ठेवला.

तिले माहीत आहे, मले खरं कळलं ते.

नाही, मले काही नाही झालं. पाणी नको. तो फोन कशाले काढून राहिली? कामठीचा नकाशा? ठेव तो आत, नको मले नकाशा. पिठाच्या गिरणीमागं तिसरी खोली, दारात पिवळी टाकी. माहीत आहे मले. पहिल्या वर्षापासून माहीत आहे. दोनदा त्या गिरणीपर्यंत जाऊन परत आलो मी, ऑटोतून उतरलोही नाही.

ही किल्ली मी घेतो. पण बदल्यात काही ठेवावं लागते न, बरोबरीचं. पेन? पेननं काय होते! माह्या खिशात काय आहे — रुमाल, घराची चावी, रक्तदाबाची गोळी.

जा बेटा तू. वीट मी लावतो. जा म्हटलं न.