जीपच्या इंजिनाला लावलेल्या अक्षता

मी आधीच सांगितलं होतं, पण आमच्या गॅरेजात माझं कुणी खरं मानेल तर शपथ.

वळसंगच्या गुरुजींच्या जुन्या जीपचं इंजिन पुन्हा बांधत होतो. आमच्या ह्यांनी क्रँकच्या मागच्या टोकाला कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. ऑइल अडवणारं सील तिथंच बसतं. मी म्हणाले, "अवो, ते पुसा की आधी. सीलची रबरी कड लई नाजूक असती."

"देवाचं हाय ते. तू सील धर, मी ठोकतो."

मी धरलं, त्यांनी ठोकलं. जीप गेली आणि थोड्याच दिवसांत ऑइल टपकवत परत आली. हे गुरुजींना म्हणाले, "हिनं सील उलटं धरलं. आता हिला इंजिनाला हात लावू देत न्हाय."

निम्मा जन्म माझा त्या इंजिनांत गेलाय. सीलपर्यंत पोचायला मी गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील काढलं आणि गुरुजींना जवळ बोलावलं. सील सुलटंच होतं. उपसून बघितलं तर कडेला चीर, आणि चिरेत लाल तांदळाची कणी.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, मग चुकलं कुणाचं?"

हे खाली बघत होते. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. "ह्यांचं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्यावर आळ घेताना कुणी आडपडदा ठेवला होता?

मी म्हणाले, "सुरेशचं."