चपला दाराच्या आत

हसू नका, नापास मीच झालो. मांजरसुंब्याजवळच्या डेटा सेंटरवर मी वॉचमन हाय. धूळ नको म्हणून तिथं सगळ्यांच्या चपला दाराच्या आत काढायच्या. आग लागली तर पाणी न्हाई, गॅस सुटतो. आत राहिला तो गुदमरला. म्हणून सेफ्टीच्या मॅडमनी सराव घेतला. सायरन वाजला, अन् सगळे दारातच वाकून आपापली चप्पल हुडकाय लागले!

"चपला घालून मरायचं हाय का बे? पळा!" मी वरडलो.

बाहेर कडुलिंबाखाली मॅडमनी माणसं मोजली. एक कमी भरला. मी धापा टाकत आलो, तर मॅडम, माझ्या नातीच्या वयाची पोरगी, रडकुंडीला आलती.

"आबा, परत आत कावून गेलते?"

"तू अनवाणी पळालीस. भुई लई तापलीय. ही घे तुझी सँडल."

तिनं सँडल घातली, मग मला मनसोक्त झापलं. दुसऱ्या दिवशी चपलांची फळी दारातून उचलून लिंबाखाली आली.